इंजिनात गुंतलेले भांडवल

जुन्या मोटार कंपन्या विजेच्या गाड्यांबद्दल इतक्या नाखूश का, हा प्रश्न घेऊन या विषयाकडे वळलेल्या वाचकाच्या कानावर दोन तयार उत्तरे आधीच आली असणार: एक, तेल कंपन्यांशी संगनमत, दुसरे, ‘गिऱ्हाइकालाच नको आहे’. दोन्हींत थोडेफार तथ्य आहे, म्हणूनच ती टिकून आहेत. अभ्यासाला मात्र ती पुरत नाहीत.

सुरुवात जनरल मोटर्सच्या ईव्ही-वन गाडीपासून करावी. मोठ्या कंपन्यांच्या विक्रीपैकी दोन टक्के गाड्या १९९८पर्यंत धूर न सोडणाऱ्या असाव्यात, असा नियम कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने १९९० साली केला. जनरल मोटर्सने १९९६च्या अखेरीस गाडी आणली, पण विकली नाही. फक्त भाडेकरारावर दिली. जेमतेम अकराशे गाड्या बनल्या. पुढे २००२ साली हीच कंपनी मंडळाविरुद्ध कोर्टात गेली. नियम सैल झाला आणि करार संपतील तशा गाड्या परत घेऊन बहुतेक चुरडून टाकण्यात आल्या. वापरणारे ‘आम्हाला विकत द्या’ म्हणून मागे लागले होते, तरीही. हा कार्यक्रम गुंडाळणे हा आपला सर्वांत वाईट निर्णय होता, असे कंपनीचे प्रमुख रिक वॅगनर २००६ साली म्हणाले.

या कथेत खलनायक शोधला की ती रंगते खरी. मला तिची हिशेबवही अधिक बोलकी वाटते. इंजिनाचा कारखाना उभारायला प्रचंड भांडवल लागते आणि तो पुढे कित्येक वर्षे चालतो. घसारा वसूल झाला की त्याच यंत्रांवरून उतरणारे इंजिन खरी कमाई देऊ लागते, आणि नवी गाडी नेमकी त्या कमाईवर घाव घालते. शिवाय विजेच्या गाडीतली सर्वांत महाग वस्तू म्हणजे बॅटरी, आणि तिचे सेल बहुधा चिनी, कोरियन नाहीतर जपानी कंपनीकडून घ्यावे लागतात. फोर्डने विजेच्या गाड्यांचा हिशेब वेगळा दाखवायला सुरुवात केली, तेव्हा २०२३ या एका वर्षात त्या विभागाचा तोटा ४.७ अब्ज डॉलर निघाला. डीलरची गोष्टही वेगळी नाही. त्याचे वर्कशॉप ऑइल, फिल्टर, क्लच आणि सायलेन्सरवर चालते. ज्या गाडीत यातले जवळजवळ काहीच नाही, ती तो हौसेने कशाला खपवील?

उलट, चीनमधल्या शेनझेनची बीवायडी १९९५ साली बॅटऱ्या बनवण्यासाठी निघाली, २००३मध्ये तिने एक मोटार कंपनी विकत घेतली आणि मार्च २०२२मध्ये निव्वळ पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या बनवणे थांबवले. शंभर वर्षांचा इंजिनाचा वारसा सांभाळायची जबाबदारी तिच्यावर नव्हती.

या अभ्यासक्षेत्राची वैचारिक बैठक दोन पुस्तकांनी घातली. उत्पादनात तरबेज होता होता कारखान्याची बदलण्याची ताकद कशी आटते, हे विल्यम ॲबरनथी यांनी १९७८ साली मोटार उद्योगाचेच उदाहरण घेऊन दाखवले. क्लेटन ख्रिस्तेन्सेन यांच्या १९९७च्या पुस्तकात तर विजेच्या गाडीवर स्वतंत्र प्रकरण आहे. मोठ्या कंपनीने वेगळी, छोटी संस्था काढावी आणि कमी वेग, कमी पल्ला चालेल असे गिऱ्हाईक शोधावे, हा त्यांचा सल्ला. तो वाचताना पटतो, पण बाजारात उलटे घडले: टेस्ला खालून आली नाही, महागड्या आणि वेगवान गाड्या घेऊन वरून आली. सिद्धांत वाचताना ही तफावत लक्षात असू द्यावी. आणि निसानसारख्या जुन्या कंपनीने २०१०मध्येच लीफ बाजारात आणली होती, हेही.

आपल्याकडचे उदाहरण दुचाकीचे आहे. दीडशे सीसीपर्यंतच्या दुचाकी २०२५पर्यंत विजेवर आणाव्यात, हा नीती आयोगाचा प्रस्ताव २०१९ साली आला, तेव्हा त्याला जाहीर विरोध करणाऱ्यांत पुण्याचे दुचाकी उत्पादक राजीव बजाज होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्या कंपनीने विजेवरची चेतक सादर केली. यात विसंगती दिसेल, पण मुदत कोणी ठरवायची, हाच तर या सगळ्या वादाचा गाभा आहे.

मराठी विद्यार्थ्याला एक विनंती आहे. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव वसाहतींतल्या फाउंड्रींत वाहनांचे सुटे भाग ओतले जातात. त्यातले कोणते भाग विजेच्या गाडीला लागणारच नाहीत, हे तिथल्या मालकांना आणि मोल्डिंगवरच्या कामगारांना समक्ष भेटून विचारा, आणि मिळालेली उत्तरे मराठीत लिहून प्रसिद्ध करा.