मुरंब्याचा इंजिनिअर आणि ६४ चिप्सची गोष्ट

बोरगाव मेघेहून बोलतोय. आमचं गाव वर्ध्याला असं चिकटलेलं आहे, की वर्धा कुठं संपलं आणि बोरगाव कुठं सुरू झालं हे नवख्या माणसाला कळत नाही. इथं निकालाच्या दिवसांत घरोघरी एकच चर्चा असते. बारावीनंतर पोट्ट्याला कुठं पाठवायचं? नागपूर, की थेट पुणे? आणि या चर्चेखाली एक भीती दडलेली असते. आपल्याकडच्या साध्या शाळेतून, साध्या कॉलेजातून खरंच काही मोठं होतं काय?

आज या भीतीला समोर ठेवूनच एक इतिहास सांगतो.

वर्ध्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसा. पुलगाव, धामणगाव, बडनेरा मागे पडलं की मूर्तिजापूर लागतं. ज्या स्टेशनावरून आपली शकुंतला यवतमाळ आणि अचलपूरकडे धावायची, तेच. या भागात मुरंबा नावाचं गाव आहे. खायचा मुरंबा नव्हे बरं, गाव! ११ ऑक्टोबर १९४६ ला इथं विजय पांडुरंग भटकर यांचा जन्म झाला. पुढं भारताच्या ‘परम’ सुपरकॉम्प्युटरचे शिल्पकार म्हणून देशानं त्यांना ओळखलं.

त्यांचा शिक्षणाचा रस्ता बघा. १९६५ मध्ये नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून बी. ई. आज आपण त्याला व्हीएनआयटी म्हणतो आणि तिथं नंबर लागला की पेढे वाटतो. पण ते कॉलेज सुरू झालं होतं १९६० मध्ये. म्हणजे भटकर सर बाहेर पडले, तेव्हा कॉलेजचंच वय पाच वर्षं! नाव नव्हतं, परंपरा नव्हती. त्यानंतर १९६८ मध्ये बडोद्याला एम. ई. आणि १९७२ मध्ये आयआयटी दिल्लीतून पीएच. डी. नागपूर, बडोदा, दिल्ली. तिन्ही पदव्या देशातल्याच.

आता इथून गोष्ट सांगणारे एकदम उडी मारतात १९८८ वर. मधली १६ वर्षं गायब! या १६ वर्षांवर कुणी रील बनवत नाही, कारण त्यात धडाकेबाज असं काही नाही. सरकारी इलेक्ट्रॉनिक्स विभागातलं काम, आणि १९८० पासून तिरुवनंतपुरमच्या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन व विकास केंद्राचं संचालकपद. तेव्हा वय होतं तेहतीस-चौतीस. माणसं निवडणं, पैसा वेळेत आणणं, प्रयोगशाळेतली वस्तू कारखान्यापर्यंत नेणं, हे सगळं अशा जागीच शिकायला मिळतं. मला विचाराल तर परमची खरी तयारी याच वर्षांत झाली.

आता अमेरिकेचा भाग. ऐंशीच्या दशकात भारताला क्रे कंपनीचे सुपरकॉम्प्युटर हवे होते. अशा यंत्रावर हवामानाचा अंदाज काढता येतो, तसंच अण्वस्त्रांचं आणि क्षेपणास्त्रांचं गणितही मांडता येतं. म्हणून अमेरिकेनं हात आखडता घेतला. बऱ्याच घासाघिशीनंतर एक क्रे एक्स-एमपी दिल्लीत आला, पण फक्त हवामानाच्या कामासाठी. मार्च १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. भटकर सर तिचे पहिले प्रमुख झाले. मुदत ३ वर्षं. लक्ष्य होतं सेकंदाला १०० कोटी गणितं करणारं यंत्र.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्या काळात या वाटेवर भटकर सर एकटे नव्हते. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत ‘फ्लोसॉल्व्हर’ हे समांतर पद्धतीचं यंत्र १९८६ मध्येच चाललं होतं. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानंही पुढं ‘अनुपम’ बनवलं. ‘एका माणसानं अमेरिकेला धडा शिकवला’ असं जे फॉरवर्ड फिरतं ना, त्यात या सगळ्यांची मेहनत पुसली जाते.

मग सरांचं मोठेपण कशात? माझ्या मते, त्यांनी निवडलेल्या पद्धतीत.

क्रे म्हणजे एकच अतिवेगवान, अतिमहाग मेंदू. तसा बनवायला आपल्याकडे कारखानाही नव्हता आणि वेळही नव्हता. सी-डॅकनं दुसरा रस्ता धरला. पुष्कळ छोटे मेंदू जोडायचे आणि कामाची वाटणी करायची. हे समजायला कॉम्प्युटर सायन्स नको, कापसाचं वावर पुरे. दहा एकर कापूस एकटा पहिलवान किती वेचेल? वीस बाया तासं वाटून घेतात आणि काम उरकतं. पण गंमत पुढं आहे. संध्याकाळी मोजायला काटा एकच असला, तर सगळ्यांना रांगेत उभं राहावं लागतं. वेचणी कितीही भराभर करा, काट्यापाशी अडकलंच! समांतर कॉम्प्युटरचं दुखणं नेमकं हेच. चिपा जोडणं त्यामानानं सोपं. कुणी काय करायचं, कुणी कुणाला कधी सांगायचं, कुणी कुणासाठी थांबायचं, हे सॉफ्टवेअरमध्ये बसवणं कठीण. पुण्यातल्या तरुण इंजिनिअरांची टीम याच कामाला भिडली.

१९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात ६४ प्रोसेसर जोडलेले होते आणि ते आणखी वाढवता येत होते. नावसुद्धा दुहेरी. संस्कृतात परम म्हणजे श्रेष्ठ, आणि इंग्रजीत ‘पॅरलल मशीन’चं ते छोटं रूप. भटकर सर तेव्हा पंचेचाळिशीच्या आतच होते.

आता तुमच्यातला एखादा म्हणेल, ‘दादा, चिप तर परदेशीच होती ना?’ होय, होती. ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर. मग याला स्वदेशी म्हणायचं काय? वर्ध्यात राहून हा प्रश्न टाळता येत नाही. आपल्या मगनवाडीतलं मगन संग्रहालय १९३८ मध्ये गांधीजींनी सुरू केलं. तिथले चरखे, घाणी बघताना एकच विचार सारखा मनात येतो: या यंत्राची चावी कुणाच्या हाती? परमला मी त्याच काट्यावर तोलतो. चिप बाहेरची, पण रचना, जोडणी, सॉफ्टवेअर आणि ते दुरुस्त करून वाढवायचं ज्ञान आपलं. म्हणूनच पुढं ट्रान्सप्युटर बाजारातून गेले, तरी परम थांबला नाही. दुसरे प्रोसेसर घेऊन १९९८ मध्ये ‘परम १००००’ आला. २०२४ मध्ये ‘परम रुद्र’ मालिकेतलं एक यंत्र खोडदच्या महाकाय दुर्बिणीच्या कामाला लागलं. चिप अजून आपली नाही, ही उणीव मात्र खरी आहे. ती भरून काढायचं काम तुमच्या पिढीकडे आलंय.

आणि एक गोष्ट तर तुमच्या खिशातच आहे. भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणणारं ‘जिस्ट’ हे तंत्रज्ञान आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी घडवलं. १९८८ मध्ये ते काम सी-डॅकमध्ये आलं. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाचं मानक ठरलं आणि युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी त्याच्याच आधारावर झाली. आज तुम्ही फोनवर आईला ‘पोचलो’ असं मराठीत टाइप करता, त्यामागं ही मेहनत आहे. सुपरकॉम्प्युटरची बातमी पहिल्या पानावर येते, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ नीट उमटले याची कुठं येत नाही. पण मला तरी दोन्ही कामं सारखीच मोठी वाटतात.

आता बोरगावच्या प्रश्नाकडे येतो. नागपूर की पुणे? त्याचं उत्तर फी, मार्क आणि घरची परिस्थिती बघूनच द्यावं लागेल, उगाच भाषण देऊन काही होत नाही. पण कॉलेजच्या नावाची भीती घेऊन जाऊ नका. पाच वर्षं वयाच्या कॉलेजातूनही वाट निघाली होती. पहिल्या नोकरीतलं काम छोटं वाटलं, तर ती १६ वर्षं आठवा. आणि चार मित्रांना घेऊन एखादा प्रोजेक्ट करणार असाल, तर आधी हे बघा: आपला काटा कुठं अडकतोय?

हा भाग दहावी-बारावीतल्या भावा-बहिणीला नक्की ऐकवा. भेटूया पुढच्या भागात. जय हिंद, जय महाराष्ट्र!