समन्स समुद्रापार: उशीर आला कुठून?

नवरा परदेशात, बायको इथं पोटगीच्या दिवाणी दाव्यात तारखा मोजतेय; समन्सच पोचत नाही. असं का?

मंडळी, पूर्वी फ्रान्समध्ये परदेशातल्या प्रतिवादीचे कागद सरकारी वकिलाच्या कचेरीत दिले की बजावणी झाली, असं धरत. त्याला पत्ताच नाही अन् निकाल विरोधात! हे थांबवायला १५ नोव्हेंबर १९६५ ला हेग करार झाला. १ ऑगस्ट २००७ पासून तो भारताला लागू आहे. म्हणून कागद कायदा मंत्रालयामार्फत फिरतात.

पण कलम १५ बघा: कागद पाठवून किमान सहा महिने झाले, सगळे प्रयत्न करूनही दाखला आला नाही, तर न्यायाधीश निकाल देऊ शकतो. भारताने हे मान्य केलंय. फक्त तो देश करारात हवा. वकिलाला जरूर विचारा.