रुप्याच्या अनोळखी भांड्यांची ओळख

बुऱ्हाणपूरच्या जुन्या मराठी घरांतील फडताळे उघडली, की चांदीची एखाद-दुसरी वस्तू अशी निघते, की ती कशासाठी घडविली हे घरात कोणालाच सांगता येत नाही. 'वाढायचे काहीतरी असेल' एवढे म्हणून तिची बोळवण होते आणि पुढच्या लग्नकार्यात ती मोडीत जाते.

अशी भांडी येथे निघावीत यात नवल नाही. १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर हे शहर मोगलांचे दक्षिणेतील मुख्य ठाणे झाले. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर ते निजामाकडून मराठ्यांकडे आले. दस्तरखान आणि पंगत येथे शेजारी नांदली. असीरगडाच्या मोहिमेत असलेल्या अबुल फजलने 'ऐने अकबरी'त बादशाही मुदपाकखान्याची रीत नोंदविली आहे. सोन्यारुप्याची ताटे तांबड्या कापडात, तांब्याची व चिनी मातीची पांढऱ्या कापडात बांधीत. वर मोहोर करून आतील पदार्थाचे नाव लिहीत. आपल्या भांड्यांवरची अशी नावे मात्र केव्हाच पुसली गेली.

काहींची ओळख सोपी आहे. उंच मान आणि माथ्यावर बारीक छिद्रे असली की ती गुलाबदाणी. पाच वाट्यांचे पंचपाळे हळदकुंकवाचे. त्यात हल्ली मोहरी-जिरे भरलेले पाहिले की वाईट वाटते. ओगराळ्याच्या बाबतीत शब्दच साक्ष देतो : 'ओगरणे' म्हणजे वाढणे. तळाशी वाटी आणि तिला उभी लांब दांडी, म्हणजे खोल भांड्यातून कढी वा ताक काढण्याची सोय. असे शब्द दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त (सात विभाग, १९३२ ते १९३८) शोधावेत. सोनाराकडे जाण्यापूर्वी ग्रंथालयाची पायरी चढावी, असे मी म्हणतो ते यासाठीच.

सर्वांत फसवे ते बोंडले. तळहातावर मावणारे, पसरट, एका बाजूस चोच काढलेले. पाहणारा त्याला हमखास तुपाचे भांडे ठरवितो. पण चांदी उष्णता झटकन हाताला पोहोचविते; ऊन तूप वाढायचे तर धरायला मूठ किंवा दांडी हवी. बोंडल्याला ती नसते. उलट चोचीची कड गोलसर, गुळगुळीत केलेली असते, कारण ती तान्ह्या बाळाच्या ओठांना लागायची असते. त्यातून बाळाला दूध किंवा बाळगुटी पाजीत.

आमच्या घरी असे एक बोंडले कित्येक वर्षे पंगतीत तुपासाठी फिरले. वाढणाऱ्याची बोटे पोळत, तरी कोणाला शंका आली नाही. शेवटी आजीने ते माझ्या हातातून काढून घेतले आणि चोच उजेडाकडे धरून दाखविली. मऊ रुप्यावर दोन बारीक खळगे होते, माझ्या वडिलांच्या पहिल्या दातांचे.