रजोनिवृत्तीच्या औषधाची कथा
शहापूरच्या मागावर बसणारी स्त्री असो वा मुंबईची गृहिणी, रजोनिवृत्तीच्या काळातील अंगाची लाही आपल्याकडे बहुधा मुकाट्याने सोसली जाते. तिच्यावरील औषधाचा इतिहास उद्बोधक आहे. १९४२ साली अमेरिकेत गाभण घोडीच्या मूत्रातील ईस्ट्रोजेन संप्रेरकांची गोळी आली. १९६६ साली डॉ. रॉबर्ट विल्सन यांनी तिच्यात चिरतारुण्य पाहिले. १९७५ साली गर्भाशयाच्या कर्करोगाशी तिचा संबंध दिसला. मग प्रोजेस्टोजेनची जोड रूढ झाली. २००२ साली या जोड-औषधाची १६,६०८ स्त्रियांवरील चाचणी मुदतीपूर्वी थांबविण्यात आली. अस्थिभंग घटले होते. परंतु स्तनाचा कर्करोग व पक्षाघात वाढले होते. जगभर भीती पसरली. मात्र त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते! साठीच्या आतील निरोगी स्त्रीला तीव्र त्रास असेल, तर लाभाचे पारडे बहुधा जड ठरते. म्हणून भगिनींनी वय व पूर्वीचे आजार सांगून डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.