हीटर-प्रवाह देखरेख

औद्योगिक तापनियंत्रकात हीटरमधून वाहणारा विद्युतप्रवाह मोजून तो ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्यास अलार्म देणारी व्यवस्था. प्लास्टिक मोल्डिंग, एक्स्ट्रूजन, पॅकिंग यंत्रे आणि विद्युतभट्ट्यांवर ती वापरतात. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्यानंतर वाळूज व चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत वाहनांचे सुटे भाग घडवणारे उद्योग वाढले. तेथील मोल्डिंग यंत्रांच्या बॅरलवर बसवलेले बँड हीटर हे या देखरेखीचे नेहमीचे क्षेत्र.

केवळ तापमानाच्या अलार्मवर विसंबता येत नाही, कारण हीटरचा बिघाड नियंत्रक स्वतःच झाकून टाकतो. एका झोनवर चार समान हीटर असून ते सरासरी ६० टक्के वेळ चालू राहत असतील, तर एक जळाल्यावर नियंत्रक उरलेले तीन ८० टक्के वेळ चालवतो. पडद्यावरचे तापमान जागचे हलत नाही. मात्र जळालेल्या हीटरखालचा बॅरलचा भाग थंड राहतो, माल नीट वितळत नाही आणि सकाळी यंत्र तापायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेते. दोष बहुधा साच्यावर किंवा दाण्यांवर ढकलला जातो.

प्रवाह मोजण्यासाठी हीटरची तार करंट ट्रान्सफॉर्मरच्या, म्हणजे सीटीच्या, छिद्रातून ओवतात. प्रवाह फार कमी असेल तर तीच तार दोनदा ओवतात. मग वाचन दुप्पट येते आणि मर्यादाही त्या हिशेबाने द्यावी लागते. एकाच हीटरच्या जाण्याच्या व येण्याच्या अशा दोन्ही तारा एका सीटीतून नेल्यास वाचन शून्य येते. नव्या पॅनलमध्ये ही चूक वारंवार आढळते.

हीटर-तुटीच्या अलार्मची मर्यादा सर्व हीटर चालू असतानाचा प्रवाह आणि एक बंद असतानाचा प्रवाह यांच्या मध्यावर ठेवतात. २३० व्होल्टवर ५०० वॅटचे चार हीटर समांतर जोडले की ८.७ अँपिअर प्रवाह वाहतो, एक गेल्यावर ६.५, म्हणून मर्यादा ७.६. व्होल्टेज १० टक्के घसरले तरी चार धडधाकट हीटर ७.८ अँपिअर घेतात आणि अलार्म वाजत नाही. त्याच झोनवर २५० वॅटचे आठ हीटर असले तर गणित बिघडते. एक गेल्यावर प्रवाह ७.६ होतो, मध्य ८.१५ येतो आणि व्होल्टेजच्या तेवढ्याच घसरणीने खोटा अलार्म वाजतो. अशा वेळी हीटरचे गट पाडून प्रत्येकाला वेगळा सीटी देणे हाच खरा उपाय. मर्यादा खाली ओढून अलार्म गप्प करण्याची पद्धत सोयीची असली तरी तिने देखरेखच संपते.

तुटीची तपासणी आउटपुट चालू असतानाच होते. चालू काळ फारच छोटा, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास असेल तर अनेक नियंत्रक ती करत नाहीत. फेज-अँगल पद्धतीने वीज कमी-जास्त करणाऱ्या जोडणीत ही साधी तुलना चालत नाही. तीन फेजच्या हीटरना निदान दोन सीटी लागतात. न्यूट्रल नसलेल्या स्टार जोडणीत एक हीटर तुटला तर त्या फेजचा प्रवाह शून्य होतो, उरलेल्या दोघांचा मूळच्या सुमारे ८७ टक्के राहतो.

दुसरा अलार्म एसएसआर, म्हणजे सॉलिड स्टेट रिले, शॉर्ट झाल्याचा. एसएसआर निकामी होताना बहुधा चालू अवस्थेतच अडकतो. म्हणून आउटपुट बंद असताना प्रवाह दिसला की हा अलार्म येतो. बंद अवस्थेतही एसएसआरमधून काही मिलिअँपिअर गळती होते. मर्यादा तिच्या बरीच वर ठेवावी लागते. या अलार्मने नियंत्रकाचे आउटपुट बंद करून उपयोग नाही, कारण अडकलेला एसएसआर ते ऐकतच नाही. अलार्म रिलेने त्याच्या आधीचा कॉन्टॅक्टर सोडवायचा असतो. अतितापाचे स्वतंत्र संरक्षण याशिवाय हवेच.

क्षणिक चढउतारांसाठी थोडा विलंब ठेवतात. अधूनमधून जुळणारी सैल जोडणी नजरेतून सुटू नये म्हणून अलार्म हाताने रिसेट करेपर्यंत टिकवतात. मर्यादा भरण्यापूर्वी यंत्र तापलेले असताना क्लॅम्प मीटरने वाचन पडताळतात, मग वीज तोडून एका हीटरची तार सोडवतात आणि पुन्हा चालू करून अलार्म येतो का ते पाहतात. नायक्रोम हीटरला एकदा ठरवलेली मर्यादा बराच काळ पुरते. भट्टीतील सिलिकॉन कार्बाइडच्या कांड्यांचा रोध मात्र वापराने वाढत जातो, त्यामुळे तेथे प्रवाह आपोआप उतरतो आणि मर्यादा ठरावीक मुदतीने नव्याने मोजून भरावी लागते.