काट्यावर न दिसणारं वय

भाच्यासाठी जुनी मर्सिडीज ईक्यूसी पाहायला घाटकोपरला गेलो होतो. 2020 साली ही विजेची गाडी भारतात आली तेव्हा किंमत कोटीच्या घरात. आता निम्म्याहून कमीत मिळत होती. फिरलेले किलोमीटर मोजकेच, म्हणून भाचा खूश. मला मात्र इतिहास आठवत होता.

विजेच्या गाडीचं घोडं पहिल्यापासून बॅटरीपाशीच अडलेलं. 1911च्या सुमारास अमेरिकेत डेट्रॉइट इलेक्ट्रिकच्या गिऱ्हाइकाला शिशाच्या बॅटरीऐवजी एडिसनची निकेल-लोखंडाची घेता येई. महाग, पण चिवट. आपल्याकडे 2001 मध्ये आलेली बंगळुरूची रेवा शिशावरच धावली. जुनी रेवा घेणाऱ्याला नव्या बॅटऱ्यांचा खर्च गृहीत धरावाच लागे.

सोनीने 1991 मध्ये बाजारात आणलेली लिथियम-आयन बॅटरी पुष्कळ टिकते. पण ती वापराने झिजते तशी नुसत्या वयानेही झिजते. उकाड्यात, पूर्ण भरून उभी ठेवली तर अधिकच. पेट्रोल गाडीची आपली जुनी नजर इथे फसते. ईक्यूसीच्या बॅटरीची हमी आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, जे आधी भरेल ते. ही गाडी 2021ची. म्हणजे न फिरवताही हमी 2029 मध्ये संपणार.

बॅटरीची उरलेली क्षमता दाखवणारा तपासणी अहवाल मागितला. विक्रेता म्हणाला, ‘‘काका, गाडी फिरलीये कुठे?’’

अहवाल हाती येईपर्यंत बयाणा द्यायचा नाही असं ठरवून आम्ही मुलुंडची लोकल पकडली.