चुलबंद आवतन

मी कॉमर्सचा पदवीधर. 'बंद' हा शब्द मला फक्त ताळेबंदात भेटलेला. बँकेनं सातारा जिल्ह्यातून उचलून मला लाखांदूरला टाकलं, तेव्हा ही मराठीतून मराठीत झालेली बदली आहे, दुभाष्या लागणार नाही, अशी माझी समजूत होती. वडसा स्टेशनवर ट्रंका उतरवल्या, आणि पहिल्याच आठवड्यात ती समजूत बुडीत खात्यात जमा झाली.

शिपायानं विचारलं, "सायेब, उद्या भंडाऱ्याले येता का जी?" मी म्हटलं, "उद्या सुट्टी. जिल्ह्याच्या गावी जाऊन काय करू?" तो म्हणाला, "तो भंडारा नाही जी. इथंच देवळात हाये." देवळात म्हटल्यावर मला जेजुरी आठवली. आमच्याकडे भंडारा म्हणजे खंडोबाची हळद. तेव्हा दूरदृष्टीनं सर्वांत जुना, पिवळा झाला तरी चालेल असा सदरा घालून गेलो. बघतो तर सगळे इस्त्रीच्या कपड्यात आणि माझ्यापुढे पत्रावळ! हळद होती, पण ती वरणात.

मोल्सवर्थसाहेबाच्या कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) हे दोन्ही भंडारे शेजारी शेजारी आहेत: खंडोबाची हळदही आणि गोसावी-बैराग्यांना घातलेलं जेवणही. आम्ही देशावरच्यांनी हळद घेतली, इकडच्यांनी जेवण घेतलं. फायद्याचा सौदा कुणाचा, हे सांगायला पदवी लागत नाही. शिवाय १८६१ पासून १९५६ पर्यंत हा मुलूख आधी मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात, हिंदी जिल्ह्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेला. आणि हिंदीतही भंडारा म्हणजे जेवणच. १९५६ साली मुंबई राज्य आलं, १९६० साली महाराष्ट्र आला, राजधानी नागपूरहून मुंबईला गेली. पत्रावळीवरचा शब्द मात्र जागचा हलला नाही.

तसं मराठी माणसाला एका नावाच्या जेवणानं पोट भरल्यासारखं वाटतच नाही. लग्नाआधी पुण्यात केळवण, तेच आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचं गडगनेर. काशीहून परतलेला मावंदं घालतो, गोव्यात देवळात संतर्पण होतं. गावजेवण हा शब्द मात्र मला जरा फुगवलेल्या हिशेबासारखा वाटतो. विसाव्या शतकात 'सहभोजन' असा वेगळा शब्द मुद्दाम चालवावा लागला, याचा अर्थ उघड आहे: आधीच्या गावजेवणात अख्खं गाव नव्हतं. पंगत शब्द पंक्तीवरून आला, आणि पंक्तीबरोबर पंक्तिभेदही आला.

पण माझी खरी फजिती झाली ती 'आवतन' या शब्दापाशी. म्हणजे शब्द ओळखीचा होता. माझी आजी आवतण म्हणायची. झाडीबोलीत 'ण' नाही, एवढाच फरक. आमचे एक खातेदार, जवळच्याच खेड्यातले धानाचे शेतकरी, साठीचे गृहस्थ, काउंटरशी येऊन म्हणाले, "सायेब, परवा मायची तेरवी हाये जी. चुलबंद आवतन. बाईले, लेकराइले, सप्पा घेऊन येजा."

आता, चुलबंद ही या तालुक्यातली नदी. वैनगंगेला मिळते. आमच्याकडे दहावा नदीवर करतात; तेव्हा इकडे तेरवी नदीवर करत असतील, असा मी बिनचूक तर्क केला. परवाच्या दिवशी स्कूटरवर चौघं बसून आम्ही चुलबंदच्या काठी हजर. काठावर दोन म्हशी आणि एक कपडे धुणारी बाई. तासभर वाट पाहिली. पोरं रडायला लागली, कारण सौ.नं घरी काही रांधलं नव्हतं. शेवटी त्या बाईनंच विचारलं, आणि ऐकून ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की म्हशींनीही वळून पाहिलं.

चुलबंद आवतन म्हणजे नदीवर नव्हे. 'घरटी एक' आवतन असतं तेव्हा एकानं जायचं. चुलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूलच पेटवायची नाही. म्हातारी, पाहुणा, तान्हं पोर, सगळी यजमानाची. डोकी मोजायची नाहीत, चुली मोजायच्या. इतकी मोठी जोखीम आमच्या बँकेनं कधी विनातारण घेतलेली नाही. कर्जाच्या अर्जात 'तेरवी' असा रकाना नसतो, पण शेतीसाठी म्हणून उचललेले पैसे कुठल्या कढईत गेले ते काउंटरमागून कळतं. सण-समारंभासाठी कर्ज काढू नका, असं गाडगेबाबा जन्मभर सांगत फिरले, ते याच विदर्भातले.

चूल काही सुखानंच बंद होते असं नाही. १९६५ साली धान्याची टंचाई होती, तेव्हा लालबहादूर शास्त्रींनी सोमवारची रात्र उपाशी काढायला सांगितलं. वडील सांगायचे, त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत धूर दिसायचा नाही. आणि मयताच्या घरीही चूल पेटत नाही. शेजारी ताट झाकून आणून देतात. या गृहस्थांच्या घरीही तेच झालं असणार.

हे सगळं मला स्कूटरवर, उलट दिशेनं जाताना सुचत होतं. पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मांडवात पत्रावळी मांडलेल्या, आणि पंगत बसलेली नाही! चुलबंद सांगितलेलं एक घर यायचं आहे, म्हणून पहिली पंगत थांबवून ठेवली होती. शंभरेक भुकेली माणसं माझ्याकडे बघत होती. काय सांगावं ते मला सुचेना.

धाकट्याला सुचलं. तो खणखणीत आवाजात म्हणाला, "आम्ही नदीवर जेवायला गेलो होतो."

मांडवात क्षणभर शांतता. मग मुंडण केलेले ते गृहस्थ हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तेरा दिवसांत पहिल्यांदा, असं शेजारी बसलेल्यानं मला सांगितलं. तेवढ्यात वाढपी भाताचं घमेलं घेऊन आला.